तटस्थ कोण, अलिप्त कोण?

भारताच्या परराष्ट्र धोरणाविषयी मराठी वृत्तपत्रांतून जे लिहिले जाते, त्यात 'तारेवरची कसरत' हा शब्दप्रयोग आला नाही असा आठवडा विरळा. रशियाकडून तेल, अमेरिकेसोबत 'क्वाड', चीनसोबत शांघाय सहकार्य संघटना; हे सारे एकाच वेळी साधते म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि लेख संपवायचा, असा प्रघात पडला आहे. आम्ही आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अभ्यासक नव्हे. पण शब्दांचे अर्थ शिकवून पोट भरणाऱ्यांनी या शब्दांकडे पाहायचे नाही, तर पाहायचे कोणी?

या लेखांत 'तटस्थ', 'अलिप्त' आणि 'स्वायत्त' ही विशेषणे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. प्रवाहाशी त्याचा संबंध पाहण्यापुरता. अलिप्त म्हणजे पाण्यात असूनही न माखलेला. स्वायत्त म्हणजे स्वतःचा निर्णय स्वतः घेणारा, आणि म्हणूनच त्याचे उत्तरदायित्वही स्वीकारणारा. युक्रेन युद्धापूर्वी भारताच्या तेल-आयातीत रशियाचा वाटा जेमतेम दोन टक्के होता. २०२३ मध्ये तो एक-तृतीयांशाच्या घरात गेला. ही खरेदी योग्य की अयोग्य, हा निराळा प्रश्न. पण तिला तटस्थता कसे म्हणावे? काठावरचा माणूस रोज घागर भरून नेऊ लागला, की त्या पाण्याशी त्याचा संबंध पाहण्यापुरता उरत नाही.

यावर बांडुंग (१९५५) आणि बेलग्रेड (१९६१) यांचा दाखला दिला जातो. ती परंपरा आम्हांलाही आदरणीय वाटते. निष्कलंक मात्र वाटत नाही. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले, तेव्हा सुरक्षा परिषदेत भारत मतदानापासून दूर राहिला. परंतु त्याच प्रश्नावर अशोक मेहता यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. सरकारच्या मौनाशी भांडणारा माणूस मंत्रिमंडळातच होता. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाच्या आक्रमणाविरुद्ध मत दिले, ३५ देशांनी मत दिले नाही. त्यांत भारत होता. या वेळी राजीनामा तर सोडाच, आमच्या चर्चासत्रांतून साधा प्रतिवादही ऐकू आला नाही.

पुढच्याच महिन्यात बुचा येथील हत्यांचा भारताने सुरक्षा परिषदेत निषेध केला, स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबाही दिला. हत्या कोणी केल्या, ते मात्र वाक्यात नव्हते. कर्मणी प्रयोग कर्त्याला किती सहज पडद्याआड नेतो, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवतो. २००३ मध्ये इराकवरील हल्ल्याबाबत लोकसभेने ठराव केला, तेव्हाही शब्दावरूनच वाद झाला होता. अखेर हिंदीतल्या 'निंदा' या शब्दावर एकमत झाले. तो शब्द सौम्यही वाचता येत होता आणि कठोरही. तरीही शब्द कोणता असावा यावर संसदेत खल झाला, हे आम्हांला मोलाचे वाटते.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. भारताने पाश्चात्त्यांच्या छावणीत जावे, असे आम्ही म्हणत नाही. लष्करातील रशियन बनावटीची शस्त्रे, जून २०२० मध्ये गलवानमध्ये हुतात्मा झालेले २० जवान, आणि युद्ध सुरू झाल्यावरही रशियन वायू घेत राहिलेल्या युरोपचा दांभिकपणा, हे सारे खरे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले, त्यातले निम्मे रशियन तेलापोटी; म्हणजे या समतोलाची किंमत निर्यातदारांना आणि त्यांच्या कामगारांना मोजावी लागली. मग ती किंमत कशासाठी मोजली, हे सरळ वाक्यात सांगायला काय हरकत आहे? 'आमचे हित यात आहे, आणि त्यासाठी अमुक अन्यायाविषयी आम्ही गप्प राहिलो' असे म्हणणाऱ्याशी वाद तरी घालता येतो. 'तारेवरची कसरत' म्हणणाऱ्याशी तोही घालता येत नाही. कारण कसरत पाहायची असते, तिला जाब विचारायचा नसतो.

परीक्षेत विद्यार्थी 'निवेदक तटस्थ आहे' असे लिहून मोकळा होतो. आम्ही समासात तांबड्या शाईने लिहितो, 'कशावरून?' उद्याच्या अग्रलेखाच्या समासातही तेवढे लिहिण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी.