चाकरीचा खर्च कोणीं सोसावा?

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांचा निर्वाह केवळ येथील जमिनीवर कधींच झाला नाहीं. डोंगरउतारावर नाचणी-वरी आणि सावित्रीकांठीं भाताचीं खाचरें असलीं, तरी चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने घर चालविणें दुर्घटच. म्हणून येथील माणूस पूर्वीं खाडींतून बाणकोटमार्गें मुंबईस गेला. तेथें गिरण्यांत राबला, बोटीवर खलाशी झाला, पलटणींत शिरला. गेल्या अर्धशतकांत तो दुबई, कुवेत, मस्कत, दोहा येथेंही जाऊं लागला. ज्या घरीं एके काळीं मनिऑर्डरची वाट पाहत, त्या घरीं आतां बँकेंत पैसे जमा झाल्याच्या निरोपाची वाट पाहतात, एवढाच काय तो फरक.

परदेशीं जाऊं नये, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. घरापासून दूर राहून आईबापांचें औषध व भावंडांचें शिक्षण चालविणारा मनुष्य सर्वांच्या आदरास पात्र आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. एखाद्या धन्यास दूर देशाहून माणूस आणून कामास लावावयाचा असतो. त्या आणण्याचा खर्च कोणीं सोसावा? ठेवणाऱ्यानें, कीं राहणाऱ्यानें?

हा प्रश्न आजकालचा नव्हे. इंग्रजी साम्राज्यांत गुलामगिरी बंद झाली आणि उंसाच्या मळ्यांस मजूर मिळेनात. तेव्हां १८३४ सालापासून मॉरिशस बेटांत हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर नेण्यास प्रारंभ झाला. पुढें सुमारें साडेचार लाख माणसें त्या बेटावर उतरलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले कोंकणचे मराठी लोकही होते, आणि त्यांचे वंशज आजही तेथें आपली मराठी भाषा जतन करीत आहेत. मजुरांच्या तोंडीं ॲग्रीमेंट या शब्दाचें गिरमिट झालें. त्या कागदांतील खरा दोष मळ्यावरचें काम कष्टाचें होतें हा नव्हता. कोंकणच्या माणसास कष्टांचें भय कधींच नव्हतें. दोष हा होता कीं, मुदत संपेपर्यंत काम सोडून जाण्याची मजुरास सोय नव्हती, आणि कामावर गैरहजर राहणें हा शिक्षापात्र गुन्हा होता. याच कोंकणांत जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९१० सालीं नाताळमधील मजूरभरतीविरुद्ध व १९१२ सालीं ही सर्वच पद्धति बंद करावी म्हणून वरिष्ठ कायदेमंडळांत ठराव आणले. दुसरा ठराव नामंजूर झाला, परंतु तो विचार मेला नाहीं. १९१७ सालीं ही भरती थांबली.

आतां कोणी म्हणेल कीं, तो काळ गेला. आज १९८३ सालचा कायदा आहे, परवानाधारक दलाल आहेत, मुंबईस प्रवाशांच्या संरक्षक अधिकाऱ्याची कचेरी आहे. हें सर्व खरें आहे व तें कांहीं थोडें नाहीं. परंतु कर्जाचें काय? दलालानें उमेदवाराकडून सेवामूल्य म्हणून जास्तींत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील कर घ्यावा आणि त्याची पावती द्यावी, असा नियम आहे. जेथें हा नियम धाब्यावर बसवून याहून कितीतरी अधिक रक्कम बिनपावतीनें मागितली जाते, तेथें तो तरुण आईचे दागिने गहाण टाकून किंवा व्याजानें पैसे काढूनच विमानांत चढतो. तेथें पोंचल्यावर पगार ठरल्यापेक्षां कमी निघाला, राहण्याची खोली कोंदट निघाली, तरी तो परत फिरूं शकत नाहीं. कारण घरीं सावकार बसलेला असतो. आखाती देशांत कफील म्हणजे जामीन राहणाऱ्या धन्याच्या अनुमतीवांचून नोकरी बदलतां येत नसे. कतारनें २०२० सालीं ही अट काढून टाकली, हें स्तुत्यच झालें. तथापि कायद्यानें उघडलेलें दार कर्ज पुन्हां लावून घेतें. गिरमिटांत मजुरास शिक्षेचें भय बांधून ठेवी. आज व्याजाचें भय बांधून ठेवतें. १२ जून २०२४ रोजीं कुवेतमध्यें मंगाफ येथें कामगारांच्या इमारतीस आग लागून ४० हून अधिक भारतीय मृत्युमुखीं पडले. धन्यानें दिलेला निवारा मुकाट्यानें पतकरावा लागणें म्हणजे काय, हें त्या दिवशीं सर्वांस दिसलें.

दलालानेंही श्रम केले, त्यास मोबदला नको काय? अवश्य हवा, परंतु ज्याचें काम झालें त्यानें तो द्यावा. घर बांधणारा मनुष्य गवंडी शोधण्याचा खर्च गवंड्याकडून घेत नाहीं. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९९७ सालच्या करारांतही खाजगी दलालांनीं कामगाराकडून शुल्क घेऊं नये, हेंच तत्त्व सांगितलें आहे. यांत केवळ दया नाहीं, व्यवहारही आहे. धनी खर्च करील, तर तो पारखून माणूस घेईल व तो टिकावा म्हणून त्यास नीट वागवील. उलट कामगारच पैसे देऊं लागला, कीं जितकीं माणसें पाठवावीं तितका दलालाचा नफा, मग तिकडे काम असो वा नसो. असा भार घातल्यास धनी दुसऱ्या देशांतील मजूर आणतील, ही भीति निराधार नाहीं. म्हणूनच मजूर पाठविणाऱ्या सर्व देशांनीं मिळून हा आग्रह धरला पाहिजे. एकट्यादुकट्यानें होणारें हें काम नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, यांत तुम्हांस एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावयाची आहे. जे दहावी उत्तीर्ण नाहींत, त्यांना आखाती देशांसह १८ देशांत नोकरीस जातांना सरकारची पूर्वपरवानगी लागते. त्यांचा करार तपासला जातो व १० लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमा त्यांना सक्तीचा असतो. दहावी उत्तीर्ण झालेल्यास ही अट नाहीं. याचा अर्थ असा कीं, तुमचें प्रमाणपत्र हाच तुमचा रखवालदार. सरकार तुमचा कागद वाचणार नाहीं, तो तुम्हींच वाचावयाचा आहे. दलालाचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहा. काम, पगार, तास, राहण्याची सोय व परतीचें भाडें हीं कलमें सही करण्यापूर्वीं वाचा. भेटीच्या व्हिसावर नोकरीस कधींही जाऊं नका. थायलंडांत चांगली नोकरी म्हणून निघालेले सुशिक्षित तरुण म्यानमारांत अडकले व त्यांच्याकडून संगणकावर लोकांस फसविण्याचें काम करून घेतलें गेलें. मार्च २०२५ मध्यें अशा ५०० हून अधिक भारतीयांस सरकारला विमानानें परत आणावें लागलें.

आणि आतां पालकांस एक विनंती. आपल्या मुलास परक्या देशीं न्याय मिळावा असें आपणांस वाटतें, तर आपल्या दारीं आलेल्या परक्यास आपण काय देतों, हेंही पाहिलें पाहिजे. याच रायगड जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबें पावसाळ्यांत पोटासाठीं उचल घेतात आणि दिवाळीनंतर ती फेडण्याकरितां वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. त्यांचीं मुलें शाळेच्या पटावर राहतात, वर्गांत दिसत नाहींत. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली आहे. तरीही जी उचल कधीं फिटत नाहीं व जिचा हिशेब मजुरास कोणी दाखवीत नाहीं, ती उचल आणि दोह्यास जाणाऱ्या मुलाचें कर्ज हीं एकाच जातीचीं आहेत. महाडच्या औद्योगिक वसाहतींत उत्तरेकडून येणारा कामगारही कोणाच्या तरी घरचा असाच मुलगा आहे. त्याच्या पगाराची चिठ्ठी, त्याची खोली, त्याचा रविवार यांविषयीं आपण बेफिकीर राहिलों, तर कुवेतच्या धन्यास दोष देण्याचा आपला अधिकार तितकाच दुबळा होतो.

आमचें मागणें थोडकें आहे. माणूस ज्यास हवा, त्यानें तो आणण्याचा खर्च सोसावा. मजुराच्या हातीं त्याला समजेल अशा भाषेंत कागद द्यावा. आणि न पटल्यास त्यास जाऊं द्यावें. परदेशच्या धन्याकडे हें मागण्यास काळ लागेल. आपल्या अंगणांत मात्र तें उद्यांपासून देतां येईल. ज्यांच्या घरीं मजूर येतात, त्या पालकांनीं येत्या शनिवारीं हिशेब लिहून द्यावा, आणि तो घरांतील शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा.