बोलीतली कादंबरी वाचणार कोण?

कादंबरी ऐकणं ही वाचनातली पळवाट आहे, असं मानणारे पुष्कळ वाचक मला भेटतात. त्यांनी ॲना बर्न्स यांची ‘मिल्कमन’ ब्रीड ब्रेनन यांच्या आवाजात ऐकावी. २०१८ची बुकर मिळवणारी ही कादंबरी कागदावर दमवते. पात्रांना नावं नाहीत. ‘मधली बहीण’, ‘तिसरा मेहुणा’ एवढीच ओळख. परिच्छेद पानंच्या पानं चालतात. अठरा वर्षांची मुलगी सत्तरच्या दशकातल्या उत्तर आयर्लंडमधल्या आपल्या गल्लीबद्दल बोलत राहते, आणि वाचणाऱ्याला वाटतं, हिनं कुठेतरी थांबावं. ऐकताना मात्र तिचं न थांबणं कळायला लागतं. जिथे प्रत्येक शेजारी नजर ठेवून आहे, तिथे घाबरलेली मुलगी एक वाक्य उच्चारते, लगेच सावरते, मागे घेते, पुन्हा जोडते. ब्रेनन स्वतः बेलफास्टच्या. कादंबरीत शहराचं नाव कुठेही येत नाही, पण त्यांच्या उच्चारातून ते पहिल्याच मिनिटाला ओळखू येतं.

डग्लस स्टुअर्ट यांची ‘शगी बेन’ अशीच. ग्लासगोची कामगारवस्ती, दारूत बुडत चाललेली आई, तिला जपू पाहणारा लहान मुलगा. अँगस किंग या स्कॉटिश नटाच्या तोंडून ती बोली आली की शब्द अडला तरी माणूस अडत नाही.

पण गेल्या काही वर्षांतलं माझं सर्वांत मोलाचं ऐकणं पर्सिव्हल एव्हरेट यांच्या ‘जेम्स’चं. मार्क ट्वेनच्या हकलबरी फिनसोबत तराफ्यावरून पळणारा गुलाम जिम इथे स्वतःची गोष्ट सांगतो. तो गुपचूप पुस्तकं वाचतो, विचारवंतांशी मनातल्या मनात वाद घालतो, आणि गोरा माणूस समोर आला की मुद्दाम मोडकंतोडकं बोलतो. गुलामांच्या मुलांना तो हे मोडकं बोलणं शिकवतो, कारण मालकाला आपण त्याच्यापेक्षा शहाणे वाटलो तर जीव धोक्यात. छापील पानावर हा बदल स्पेलिंगमधून दिसतो. डॉमिनिक हॉफमन तो एका श्वासात करून दाखवतात: आवाज उतरतो, जीभ जड होते, आणि दार बंद झाल्याबरोबर तोच माणूस ताठ होऊन बोलू लागतो. गुलामगिरीवर मी बरंच वाचलं आहे. पण ती माणसाच्या जिभेपर्यंत कशी पोचते, हे मला या ऐकण्यातून उमगलं. पुढे २०२५ साली या कादंबरीला पुलित्झर मिळालं.

सगळ्याच कादंबऱ्या कानाच्या नसतात. समँथा हार्वी यांची ‘ऑर्बिटल’ मला डोळ्यांनीच हवी. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या सहा अंतराळवीरांची ती जेमतेम दीडशे पानांची कादंबरी एकेका वाक्यावर थांबायला लावते. जॉर्ज सॉंडर्स यांच्या ‘लिंकन इन द बार्डो’साठी तर १६६ आवाज वापरले आहेत. प्रयोग म्हणून दाद द्यावी असा. पण त्या गर्दीत मुलाच्या मृत्यूनं मोडलेला बाप मला हरवल्यासारखा वाटला. आवाज किती आहेत यापेक्षा कुठले आहेत, याला महत्त्व आहे.

हे सगळं मनात असतानाच मी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचली. धरणात गाव जातं, माणसं दुसरीकडे वसवली जातात, आणि मागे राहिलेल्या म्हशीला आणायला एक माणूस परत जातो. तोवर म्हैस रानाची झालेली असते. पन्हाळ्याच्या परिसरातली बोली, छोटी छोटी तुटक वाक्यं, माणूस आणि जनावर यांच्यातली झटापट. साहित्य अकादमीनं २०२३ साली तिचा गौरव केला तो योग्यच. पण पुण्या-मुंबईत वाढलेला वाचक या पानांवर किती वेळ टिकतो? जत तालुक्याच्या बोलीतली नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ हातात घेऊन ‘भाषा कळत नाही’ म्हणत परत ठेवणारे मी पाहिले आहेत. न्हाई, व्हतं, आसंल हे लेखकाला अक्षरांत उतरवता येतं. हेल उतरवता येत नाही, आणि वाक्यातलं दुःख तर बहुतेक वेळा हेलातच असतं.

आपल्याकडे याची जाण होती. व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार, शंकर पाटील गावोगाव कथाकथन करत, तेव्हा कोल्हापूरकडची बोली विदर्भातल्या श्रोत्यालाही समजे. शंकर पाटलांची कथा त्यांच्याच आवाजात ऐकलेला माणूस नंतर ती पुस्तकात वाचताना अडखळत नसे.

२०१७च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आलं, तेव्हापासून मराठी ऑडिओबुकं वाढली, ही आनंदाचीच गोष्ट. पण मध्यंतरी एक ग्रामीण कादंबरी ऐकली (निर्मात्याचं नाव घेत नाही) आणि मन खट्टू झालं. वाचणाऱ्याचा आवाज गोड, उच्चार स्वच्छ. निवेदन रेडिओवरच्या बातम्यांसारखं, आणि शेतकऱ्याचे संवाद आले की मालिकेतलं ठरीव गावरान, थोडं हसं करणारं. लेखकानं जिवापाड जपलेली बोली त्या वाचनात एक सोंग होऊन गेली. ब्रेनन किंवा किंग यांची निवड करणाऱ्यांनी जो विचार केला, तो इथे कुणी केलेला दिसला नाही.

तो करणं अवघडही नाही. हौशी राज्य नाट्य स्पर्धेत कोल्हापूरपासून चंद्रपूरपर्यंतच्या केंद्रांवर दरवर्षी नट-नट्या उभ्या राहतात. ज्यांच्या घरात ती बोली रोज बोलली जाते, अशी माणसं त्यांच्यात नक्की आहेत. तुळजापूरच्या देविदास सौदागर यांनी स्वतः शिंपीकाम करत ‘उसवण’ लिहिली. रेडीमेड कपड्यांपुढे मागे पडत चाललेल्या शिंप्याची ही कादंबरी मला तिकडच्याच कुणाच्या तोंडून ऐकायची आहे. इंग्रजीत यंत्राच्या आवाजातली पुस्तकं विकायला आली आहेत, तशी ती मराठीतही येतील. स्वस्त पडतील म्हणून प्रकाशकांना ती हवीशीही वाटतील. त्याआधी आपल्या बोलीतल्या कादंबऱ्या त्या त्या भागातल्या माणसांच्या आवाजात ध्वनिमुद्रित व्हायला हव्यात, आणि वाचणाऱ्याचं नाव लेखकाच्या नावाखाली, तेवढ्याच ठळक अक्षरांत यायला हवं.