पुळणीवरील तंबू

सुटी लागली कीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबें कोंकणकिनाऱ्याकडे निघतात, यांत आक्षेपार्ह असें कांहींच नाहीं. परंतु अलीकडे या प्रवासास एक नवी हौस जडली आहे. गांवांत बिऱ्हाड न करतां थेट पुळणीवर तंबू ठोकावयाचे, विजेच्या माळा लावावयाच्या, शेकोटी पेटवावयाची, आणि या सर्वांस ‘निसर्गसान्निध्य’ असें नांव द्यावयाचें! आमचें स्पष्ट म्हणणें असें कीं, हें सान्निध्य नसून अतिक्रमण आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सावित्रीच्या मुखाजवळ, वेळास हें नाना फडणीसांचें मूळ गांव आहे. तेथील पुळणीवर हिवाळ्यांत ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकांसवांच्या माद्या रात्रीं येतात, वाळूंत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडीं घालतात व परत जातात. सुमारें पन्नास दिवसांनीं पिल्लें बाहेर पडतात. समुद्रावरील मंद उजेड हीच त्यांची वाटेची खूण. जमिनीच्या बाजूस दिवे झगमगले, कीं तीं पाण्याकडे पाठ फिरवून दिव्यांकडे वळतात, आणि कुत्र्यांच्या व कावळ्यांच्या तोंडीं पडतात. आपल्या घटकाभर करमणुकीची ही किंमत आपण कधीं विचारली आहे काय?

तंबूसाठीं जागा साफ करतांना जी हिरवी वेल उपटली जाते, तिचें नांव मर्यादवेल. तिच्या मुळ्या वाळू धरून ठेवतात. म्हणूनच आमच्या पूर्वजांनीं तिला हें नांव दिलें असावें. ती मर्यादाच आपण उपटून टाकतों!

यावर कोणी म्हणेल, “पण गांवाला चार पैसे मिळतात ना!” आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर वेळासनेंच दिलें आहे. जेथें पूर्वीं अंडीं चोरीस जात, तेथें या शतकाच्या आरंभापासून गांवकरी त्यांचें रक्षण करूं लागले. पिल्लें समुद्रांत जातांना पाहण्यास येणारे पाहुणे गांवकऱ्यांच्याच घरीं उतरतात, त्यांच्याच हातचें जेवतात. तेथें पैसा गांवांत राहतो. तंबूंचें भाडें मात्र गांवच्याच माणसाच्या हातीं पडेल, असा नेम नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, मुलांस मोकळी हवा हवी. अवश्य हवी! पण ती नारळीपोफळीच्या वाडींतील पडवींत निजूनही मिळते. शिवाय तेथें घरची म्हातारी गोष्टी सांगते, त्या तंबूंत कोण सांगणार? शेजारचा बाणकोटचा किल्ला मुलांस नुसता छायाचित्राची पार्श्वभूमी म्हणून दाखवूं नका. त्याचा इतिहासही सांगा. पेशव्यांनीं इंग्रजांशीं हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांचें बळ मोडलें. १७५६ सालीं विजयदुर्गाखालीं तें आरमार जळालें, आणि बाणकोट इंग्रजांच्या पदरांत पडला. किनाऱ्याचें रक्षण करणारें बळ आपल्याच हातांनीं बुडविण्याची ही खोड आपल्यांत जुनीच आहे.

तेव्हां कोंकणांत जरूर जावें. पण पाहुण्यासारखें जावें. यजमानाच्या अंगणांत उतरावें, त्याच्या पुळणीवर रात्रीं दिवा लावूं नये. एवढाही संयम ज्यास साधत नाहीं, त्यानें निसर्गप्रेमाच्या गोष्टी बोलूं नयेत.