मोटारीचा बंपर आणि आपले हात

मोटार फाटकाच्या खांबाला घासते, बंपरला पोचा येतो किंवा तडा जातो आणि घरात तत्काळ निर्णय होतो की, नवा बंपर बसवून टाकावा. हा निर्णय पुष्कळदा घाईचा असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. जी वस्तू सुटीच्या एक-दोन दिवसांच्या श्रमाने पुन्हा कामास येईल, ती टाकून देण्यात ना काटकसर आहे, ना शहाणपण.

दुरुस्तीपूर्वी वस्तूची जात ओळखावी लागते. आजचे बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकमध्ये रबरासारखे द्रव्य मिसळून केलेले असतात. बंपरच्या आतील बाजूस ‘पीपी’ ही रोमन अक्षरे उमटवलेली असली, की त्याची खात्री पटते. ज्यूलिओ नात्ता या इटालियन शास्त्रज्ञाने १९५४ साली या प्लॅस्टिकवर मूलभूत संशोधन केले आणि १९६३ साली कार्ल झीग्लर यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्लॅस्टिक उष्णतेने मऊ होते, सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते आणि निवताच पुन्हा घट्ट होते. घरगुती दुरुस्तीचे सारे रहस्य याच गुणात आहे.

नुसता पोचा असेल, तर त्यावर कढत पाणी ओतून हातमोजे घातलेल्या हाताने आतून दाबावे आणि आकार परत येताच थंड पाणी ओतावे. तडा गेला असेल, तर काम अधिक चिकाटीचे आहे. प्रथम साबणाने धुऊन भाग कोरडा करावा. तडा पुढे वाढू नये म्हणून त्याच्या टोकाशी बारीक छिद्र पाडावे. मग आतील बाजूने तड्यावर खाच करून, त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी सोल्डरिंगच्या तापलेल्या उपकरणाने वितळवून ती खाच भरावी. साधा डिंक वा झटपट चिकटणारे रसायन येथे टिकत नाही, कारण या प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर काहीही सहजी धरत नाही. याच कारणास्तव पॉलिश पेपरने घासून झाल्यावर रंगापूर्वी प्लॅस्टिकसाठीचा खास अस्तर-थर द्यावा लागतो. वितळवण्याचे काम मोकळ्या हवेत करावे आणि विद्यार्थ्यांनी ते वडीलधाऱ्यांच्या देखत करावे.

मात्र उत्साहाला विवेकाची जोड हवी. दिसतो तो बंपर केवळ आवरण असतो. धक्का सोसणारी पोलादी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी त्याच्या आत असते. ती वाकली असेल, बंपरची पकड तुटली असेल किंवा आत रडारसारखी उपकरणे असतील, तर जाणत्या कारागिराकडेच जावे. तेथे वाचवलेले चार पैसे एखाद्याच्या जिवावर बेतू शकतात. कोठे थांबावे हे कळणे, हाही कौशल्याचाच भाग होय.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? वेळेलाही मोल आहेच! आम्हांस हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. कारागिराला मोबदला द्यावा, पण त्याचे काम काय असते हे तरी आपणांस ठाऊक असावे. आमच्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापिले, ते हस्तकौशल्य आणि शास्त्र यांची सांगड घालण्यासाठीच. त्या नगरीतील मुलांना उष्णतेचे नियम तोंडपाठ असावेत आणि घरच्या बंपरचा पोचा मात्र काढता येऊ नये, हे आम्हांस शोभत नाही. पुस्तकात वाचलेला नियम हाताखाली खरा ठरताना पाहणे, यासारखा दुसरा धडा नाही.

यास्तव आमची पालकांस विनंती आहे की, पुढच्या वेळी बंपरला तडा गेला, तर नव्याची चौकशी करण्यापूर्वी तो मुलांसह उलटून पाहावा. दुरुस्त झालेली जागा कदाचित किंचित ओबडधोबड दिसेल. तिची लाज वाटण्याचे कारण नाही, कारण ती आपल्या हातांची खूण असेल.