कोरोना आणि रक्ताच्या गुठळ्या: डी-डायमर वाढला म्हणजे गोळी सुरू करायची का?

फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती आणि अकोल्यात कोरोनाचे रुग्ण पुन्हा झपाट्याने वाढले होते. अमरावती व अचलपूर शहरांत २२ फेब्रुवारी २०२१ ला सुरू झालेला लॉकडाऊन नंतर ८ मार्चपर्यंत वाढवण्यात आला होता. रुग्ण वाढले तसे रक्ततपासणीचे रिपोर्टही घरोघरी पोहोचले. त्यातला डी-डायमरचा आकडा लाल दिसला की नातेवाईक घाबरतात आणि मेडिकलमधून रक्त पातळ करायची गोळी आणायचा विचार करतात. असे का करू नये, ते समजून घेऊ.

गुठळ्या का होतात?

आजार गंभीर झाला की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि रक्त गोठवणारे घटक वाढतात. त्यात रुग्ण दिवसेंदिवस पडून असतो. पायाच्या शिरेत झालेली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जीव धोक्यात येतो. एप्रिल २०२० मधील नेदरलँड्सच्या एका अभ्यासात आयसीयूतील १८४ कोरोना रुग्णांपैकी ३१ टक्क्यांना गुठळ्यांशी संबंधित त्रास झाला. प्रतिबंधक इंजेक्शन चालू असूनही झाला. पण हा आकडा आयसीयूचा आहे. घरी बरे होणाऱ्या सौम्य रुग्णाला तो लावू नये.

डी-डायमर काय सांगतो?

गुठळी विरघळताना तयार होणारा हा घटक आहे. मात्र तो वाढते वय, गरोदरपण, ऑपरेशन किंवा कोणत्याही मोठ्या संसर्गातही वाढतो. शिवाय प्रत्येक लॅबचे एकक वेगळे असू शकते. एकीकडे ५०० ही मर्यादा असते, तर दुसरीकडे तीच ०.५ अशी लिहिलेली असते. म्हणून दोन लॅबचे आकडे थेट ताडून पाहू नका. छातीचा साधा एचआरसीटी फुप्फुसाची सूज दाखवतो, गुठळी नाही. त्यासाठी शिरेतून औषध देऊन वेगळा सीटी काढावा लागतो. म्हणजेच स्कोअर कमी आहे म्हणून गुठळी नाही, असे म्हणता येत नाही.

जास्त औषध म्हणजे जास्त फायदा नाही

दाखल रुग्णांना पोटावर हेपरिनचे इंजेक्शन देतात. त्याचा डोस किती असावा, यावर अनेक देशांत मिळून चाचण्या झाल्या. डिसेंबर २०२० मध्ये आयसीयूतील अतिगंभीर रुग्णांना पूर्ण डोस देणे थांबवले गेले, कारण फायदा दिसेना आणि अपायाची शंका होती. जानेवारी २०२१ मध्ये मात्र वॉर्डातील मध्यम आजारी रुग्णांना पूर्ण डोसचा फायदा दिसल्याचे जाहीर झाले. औषध एकच, पण आजाराच्या टप्प्यानुसार परिणाम उलटा. म्हणून शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा डोस आपल्या रुग्णासाठी मागू नका. या औषधांनी पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

घरी काय करावे?

- रक्त पातळ करायची गोळी किंवा ॲस्पिरिन मनाने सुरू करू नका. हृदयविकार वा लकव्यासाठी आधीपासून चालू असेल तर मनाने बंदही करू नका.
- दिवसभर पडून राहू नका. जमेल तसे खोलीतच चाला, पाणी पुरेसे प्या.
- ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर दवाखाना गाठा.
- एकाच पायाला सूज व दुखणे, अचानक दम लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

सुटी झाल्यावरही काही आठवडे धोका राहतो. पुढे गोळी लागेल का आणि किती दिवस, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. साठीपुढच्यांसाठी, तसेच ४५ च्या पुढच्या आणि मधुमेह, हृदयविकारासारखा आजार असलेल्यांसाठी १ मार्च २०२१ पासून लस सुरू झाली होती. गंभीर आजारच टळला, तर गुठळीची भीतीही बरीच टळते.