कार्तिकी ते चंपाषष्ठी : खानदेशातील भरिताचे दिवस

खाण्यापिण्याचे लोकोत्सव कोणत्या महिन्यात भरावेत, हे अखेर शेतातले पीक ठरवते. फ्रान्समध्ये द्राक्षांची तोडणी साधारणपणे सप्टेंबरात होते आणि बोजोले परगण्यातली त्या वर्षीची नवी वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला खुली होते, म्हणून तेथला शरद ऋतू द्राक्षांचा असतो. खानदेशाला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यात मात्र त्या सुमारास द्राक्षबागांची छाटणी चाललेली असते, तिला शेतकरी ‘ऑक्टोबर छाटणी’ म्हणतात, आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्च या काळात उतरवली जातात. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये ज्याच्या फुलांच्या मद्याला विधींत मान असतो, तो मोहही उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतो. त्यामुळे जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारी काय चाखावे, या प्रश्नाचे उत्तर द्राक्षबागेत किंवा मोहाखाली मिळत नाही, ते वांग्याच्या शेतात मिळते.

या दिवसांत खानदेशात ‘भरीत पार्टी’ या नावाने ओळखला जाणारा समारंभ शेताच्या बांधावर, विहिरीजवळच्या झाडाखाली किंवा नदीकाठी होतो. त्याला व्यासपीठ नसते, तिकीट नसते आणि बहुधा छापील आमंत्रणही नसते. ज्याचे शेत तो यजमान, आणि त्याचे भाऊबंद, वर्गमित्र, कचेरीतले सहकारी किंवा पुण्या-मुंबईहून सुटीवर आलेले नातेवाईक हे पाहुणे. महाराष्ट्रात थंडीची चाहूल लागली की उघड्यावर विस्तव करून जेवण्याच्या अशा आणखीही प्रथा आहेत : सोलापूर-अहिल्यानगरकडे ज्वारीचा हुरडा भाजतात, रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात कोंडून ‘पोपटी’ लावतात. भरीत पार्टी याच कुळातली असली, तरी तिच्यात भाजण्याइतकेच महत्त्व कुटण्याला, फोडणीला आणि सोबतच्या भाकरीला असते, म्हणून ती केवळ चवीपुरती न राहता पुरे जेवण होते.

तिचा काळ पंचांग आणि शेती या दोघांनी मिळून ठरवला आहे. चातुर्मास म्हणजे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचे चार महिने; या काळात अनेक घरांमध्ये कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य असते, आणि म्हणूनच आषाढ शुद्ध नवमीला, जिला कांदेनवमी म्हणतात, हे तिन्ही पदार्थ मनसोक्त खाऊन मग त्यांना निरोप देण्याची रीत पडली. कार्तिकी एकादशीनंतर वांगे पुन्हा ताटात येते. पण काही घरांत ते चंपाषष्ठीपर्यंत, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत, थांबवले जाते आणि त्या दिवशी खंडोबाला वांग्याच्या भरिताचा व रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच खाल्ले जाते. या दोन तिथींमधले पंचवीस दिवस हा भरिताचा खरा आरंभकाळ होय. शास्त्राप्रमाणे आश्विन-कार्तिक हा शरद आणि मार्गशीर्ष-पौष हा हेमंत, म्हणजे भरीत एका ऋतूत सुरू होऊन दुसऱ्यात रंगते. शेतीचे गणितही याला जुळते. पावसाळ्यात लावलेली रोपे दिवाळीच्या सुमारास फळावर येतात आणि रात्री गार होऊ लागल्यावर त्यांचे फळ अधिक गोडसर लागते, असा शेतकऱ्यांचा अनुभव आहे. ज्या काळात वांगे खाऊ नये असे धर्माने सांगितले, त्या काळात ते चांगले मिळतही नसे, हा योग नुसता योगायोग मानणे कठीण आहे.

भरिताचे वांगे हे भाजीचे वांगे नव्हे, हे खानदेशाबाहेरच्या वाचकाने आधी ध्यानात घ्यावे. पुण्या-मुंबईच्या मंडईत भरतासाठी सहसा जांभळे, मोठे वांगे निवडले जाते. जळगावचे वांगे फिकट हिरवे, त्यावर पांढरट रेषा असलेले, तुकतुकीत, पातळ सालीचे आणि आकाराच्या मानाने फारच थोड्या बियांचे असते, आणि एकेक फळ अर्धा किलोपर्यंत सहज भरते. बिया कमी म्हणून कडवटपणा कमी, साल पातळ म्हणून ती भाजल्यावर झटकन निघते, आणि गर भरपूर म्हणून कुटल्यावर तो लोण्यासारखा एकजीव होतो. यावल तालुक्यातील बामणोद आणि भालोद, तसेच जळगावजवळचे आसोदे ही गावे या वांग्यांसाठी नावाजलेली आहेत. आसोदे हे बहिणाबाई चौधरी यांचे माहेर, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. २०१६ साली ‘जळगाव भरीत वांगे’ या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या माती, हवामान आणि लागवडीमुळे ज्याचे गुण घडले आहेत, अशाच मालाला ते नाव लावण्याचा कायदेशीर हक्क तिथल्या उत्पादकांना मिळाला. येथे एक जुना वाद आठवणे अस्थानी नाही. जनुकबदल केलेल्या बीटी वांग्याला परवानगी द्यावी की नाही यावर देशभर जनसुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली, तेव्हा वांग्याच्या असंख्य स्थानिक जातींचे काय होईल, हा त्या चर्चेतला एक मुख्य प्रश्न होता. बामणोदच्या शेतात उभे राहिले की तो प्रश्न किती खरा होता, हे कळते.

भाजण्याचे काम कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर होते. कपाशीच्या काड्यांना पऱ्हाटी आणि तुरीच्या काड्यांना तुराटी म्हणतात. खानदेश हा कापसाचा मुलूख असल्यामुळे गेल्या हंगामातली पऱ्हाटी घरोघर जळणासाठी रचून ठेवलेली असते. या काड्या पटकन पेटतात, उंच ज्वाळ देतात आणि लवकर विझतात, आणि नेमके हेच वांग्याला हवे असते. ज्वाळा चारी बाजूंनी लागल्यामुळे साल काळी पडून तडकते, आतल्या पाण्याची वाफ होऊन गर त्या वाफेत शिजतो आणि धुराचा वास सालीतून आत उतरतो. गॅसच्या शेगडीवर हीच क्रिया एका अंगाने आणि धुराविना होते, म्हणून घरच्या भरताला तो स्वाद येत नाही. वांगे उतरवण्याची वेळ देठाजवळ दाबून ओळखतात, कारण सर्वांत शेवटी शिजणारा भाग तोच. मग गरम असतानाच, बोटे पाण्यात बुडवत, साल काढली जाते.

सोललेला गर ‘बडगी’ नावाच्या लाकडी, खोलगट भांड्यात घेऊन मुसळीने कुटतात. हिरव्या मिरच्या आणि लसूण आधीच ठेचून तयार असतो. लाकडी भांड्याचा आग्रह हा नुसत्या परंपरेचा भाग नाही, कारण मिक्सरच्या पात्यांनी गराचे तंतू कापले जाऊन त्याची पाणचट चटणी होते, तर कुटल्याने ते तंतू सुटे होऊनही टिकतात. फोडणीत तेल सढळ असते आणि त्यात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची हिरवी पात आणि कोथिंबीर पडते. हळद आणि लाल तिखट मात्र नसते, त्यामुळे खानदेशी भरीत हिरवट पांढरे दिसते आणि वांग्याची मूळ चव मसाल्याखाली दबत नाही. ही पद्धत विशेषतः लेवा पाटीदार समाजाने जपली आणि आता साऱ्या जिल्ह्याची झाली आहे.

भरितासोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी हवी. कळणा म्हणजे डाळ करताना भरडीत निघालेला चुरा आणि टरफले. पूर्वी हा चुरा वाया न घालवता ज्वारीत मिसळून दळला जाई, आणि आज बहुतेक घरांत त्यासाठी ज्वारीबरोबर सालीसकट अख्खे उडीद दळतात. काटकसरीतून जन्मलेले हे पीठ आता मेजवानीचे पीठ झाले आहे. उडदामुळे भाकरीला चिवटपणा आणि खमंगपणा येतो, आणि केळीच्या पानावर वाढलेल्या तेलकट, तिखट भरिताला ती पेलते. पानावर कच्चा कांदा, मुळा आणि दही असले की बाकी काही लागत नाही. केळीचे पानही येथे शोभेसाठी आणलेले नसते, कारण रावेर-यावलचा पट्टा हा देशातील केळीचा मोठा पट्टा आहे आणि जळगावच्या केळीलाही भौगोलिक मानांकन आहे. एक गोष्ट मात्र स्पष्टपणे म्हटली पाहिजे. वांगी भाजण्याचे व कुटण्याचे काम पार्टीत पुरुष मोठ्या हौसेने करतात आणि कौतुकही त्यांचेच होते, पण चुलीपुढे बसून शेकड्याने भाकऱ्या थापणाऱ्या आणि पुऱ्या तळणाऱ्या स्त्रिया पुष्कळदा शेवटच्या पंगतीला बसतात; भरितावरचे लेखन या श्रमाची नोंद क्वचितच घेते, आणि ती घेतली जाणे न्यायाचे आहे.

शनिवारी रात्री जळगावकडे भरीत झाले, तर रविवारची दुपार धुळ्याकडे वरण-बट्टीची असावी. बट्टीसाठी जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात, कित्येक घरी थोडे मक्याचे पीठही घालून, ओवा आणि मोहन मिसळतात. त्याचे गोळे आधी वाफवून किंवा उकडून घेतात आणि मग कापून तळतात, किंवा जुन्या रीतीप्रमाणे निखाऱ्यांत भाजतात. चुरलेल्या बट्टीवर तुरीचे वरण आणि तूप, शेजारी वांग्याची घोटलेली भाजी, असा हा बेत असतो. माळव्यातली बाटी आणि विदर्भ-मराठवाड्यातला रोडगा ही तिची भावंडे आहेत, आणि खानदेश हा दख्खन, माळवा व गुजरात यांच्यामधला वाटेवरचा प्रदेश आहे, हे या एका पदार्थावरूनही समजते. धुळे शहरात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. त्यांच्या कडेच्या ढाब्यांनी शेवभाजी, म्हणजे भाजलेला कांदा, खोबरे व काळा मसाला यांच्या झणझणीत रश्श्यात ऐनवेळी सोडलेली जाड तिखट शेव, दूरदूरच्या वाहनचालकांपर्यंत पोहोचवली. तिचे तिखट जवळचेच असते. दोंडाईचा आणि नंदुरबार या मिरचीच्या जुन्या बाजारपेठा आहेत आणि शरद सरताना नंदुरबारभोवतीच्या ‘पथारीं’वर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मोकळ्या मैदानांवर, लाल मिरच्यांचे थर पसरलेले दिसू लागतात. रविवारी हाताशी वेळ असला तर हे दृश्य पाहण्यासाठी थोडी वाकडी वाट जरूर करावी.

ज्यांना आश्विनातच यायचे असेल, त्यांच्यासाठी खानदेशात भुलाबाई आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई-भुलोजींची, म्हणजे लोकमानसाने भिल्लिणीच्या व भिल्लाच्या रूपात पाहिलेल्या पार्वती-शंकरांची, गाणी घरोघर म्हणतात, आणि गाणी संपली की झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखण्याचा खेळ होतो. डबा हलवून येणारा आवाज, वास आणि यजमानीणबाईंनी दिलेले सूचक शब्द यांवरून पदार्थ ओळखावा लागतो आणि ओळखल्याशिवाय तो मिळत नाही. चवीचे आणि वासाचे इतके चांगले शिक्षण दुसरीकडे मिळणे अवघड आहे. पुढे कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. ही परंपरा १८७२ पासूनची आहे. लाकडाच्या मोगऱ्या चाकाखाली सरकवून त्या प्रचंड रथाला वळवणे आणि थांबवणे हे वंशपरंपरेने शिकलेले कसब पाहण्यासाठी परगावचेही लोक येतात. तो दिवस उपवासाचा. पण भरिताचे बेत ठरतात ते बहुधा त्याच गर्दीत, भेटीगाठींमध्ये.

अलीकडे भरीत बांधावरून शहरात आले आहे. जळगावात भरीत केंद्रे आहेत, तेथे तयार भरीत वजनावर मिळते, आणि ज्याला घरी फोडणी द्यायची असेल त्याला नुसती भाजलेली वांगीही मिळतात. डिसेंबर २०१८ मध्ये शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावात एकाच महाकाय कढईत काही हजार किलो भरीत करण्याचा विक्रम केला, आणि त्यामुळे या पदार्थाचे नाव राज्यभर गेले. त्या विक्रमाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, आणि केंद्रांमुळे अनेक कुटुंबांना हंगामी रोजगार मिळतो हेही खरे. परंतु भरीत बारमाही झाले, तर हंगामाबाहेरची, बी धरलेली, दुरून आणलेली वांगी त्याच नावाने विकली जाण्याचा धोका वाढतो. मानांकन नावाचे रक्षण करते, ऋतूचे नाही. ऋतूचे रक्षण गिऱ्हाइकालाच करावे लागते, ते असे की कार्तिकाआधी भरिताच्या वांग्याचा हट्ट धरू नये आणि हंगामात ते शक्य तर शेतावरूनच, शेतकऱ्याला परवडेल अशा भावाने घ्यावे.

सोमवारी पहाटे पुण्याकडे निघणाऱ्या पाहुण्यांसाठी यजमानीण रात्रीच थोडी वांगी निराळी भाजून ठेवते. ती न सोलता, देठासकट, केळीच्या पानात गुंडाळून दिली जातात, कारण साल असेपर्यंत धुराचा वास गरात टिकून राहतो आणि सोलण्याचे काम पोहोचल्यावरही करता येते. बरोबर कळण्याच्या पिठाची पिशवी असते.