‘एकमेव’ गाड्यांची गर्दी

लिलावात उभी राहिलेली जवळजवळ प्रत्येक जुनी अमेरिकन मसल कार आजकाल ‘वन ऑफ वन’ असते. म्हणजे जगात अशी एकच. हिरवा रंग, काळं विनाइल छप्पर, चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, मागच्या काचेचा डिफॉगर, रेडिओ नाही. आणि यादीखाली विजयी मुद्रेने लिहिलेलं असतं की एवढं सगळं एकत्र असलेली ही एकमेव गाडी. मी पोटासाठी डेटाबेसवर काम करतो आणि ही वर्णनं आवडीने वाचतो. माझं म्हणणं सरळ आहे. यातले बहुतेक दावे गाडीबद्दल काहीच सांगत नाहीत. विकणाऱ्याने चाळण्या किती लावल्या, एवढंच ते सांगतात.

आधी पार्श्वभूमी. १९६०च्या दशकात डेट्रॉईटच्या कंपन्यांनी बेताच्या आकाराच्या गाड्यांत भलीमोठी व्ही-८ इंजिनं बसवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक डीलरकडे जायचं, ऑर्डरच्या फॉर्मवर खुणा करायचं आणि कारखाना तशी गाडी बनवायचा. इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर, ब्रेक, सीट, रंग, पट्टे, रेडिओ, घड्याळ, सगळं निवडीवर. शेवरलेने १९६९च्या मॉडेलच्या २,४३,०८५ कॅमॅरो बनवल्या. आता फक्त हो-नाही उत्तराचे १८ ऑप्शन घ्या. त्यांच्या जोड्या होतात २,६२,१४४. म्हणजे अठराव्या प्रश्नालाच शक्य जोड्या गाड्यांपेक्षा जास्त झाल्या. तीस प्रश्न विचारले तर १०७ कोटींच्या वर. प्रत्यक्षात लोक ठरावीक जोड्याच जास्त घेत, हे खरं. पण फॉर्म एवढा लांब असताना कुठली ना कुठली चाळणी लावून हवी ती गाडी एकटी पाडणं ही करामत नव्हे.

आमच्या धंद्यात ही गोष्ट जुनी आहे. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१०मध्ये ब्राउझरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फॉन्ट, स्क्रीनचा आकार, प्लगइन असल्या किरकोळ गोष्टी एकत्र केल्यावर ४,७०,१६१ नमुन्यांपैकी ८३.६ टक्के ब्राउझर एकमेव निघाले. त्यावरून ‘माझा ब्राउझर दुर्मीळ आहे, किंमत वाढवा’ असं कोणी म्हणालं नाही. एकमेव असणं आणि दुर्मीळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तिथे सगळ्यांना कळलं.

याहून वाईट आहे तो गुणाकार. कारखान्याचे जे आकडे हाती असतात ते बहुधा एकेका ऑप्शनच्या बेरजा असतात: अमुक इतक्या गाड्यांना हे इंजिन, तमुक इतक्यांना हे ब्रेक. मग कोणीतरी टक्केवाऱ्या काढतो, एकमेकींना गुणतो आणि उत्तर ‘फक्त इतक्याच बनल्या’ म्हणून छापतो. १९६९च्या कॅमॅरोचं झेड/२८ पॅकेज घ्या. अशा गाड्या सुमारे २०,००० बनल्या, म्हणजे एकूण उत्पादनाच्या साधारण बाराव्या भागाइतक्या. समजा, चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स सगळ्या कॅमॅरोंपैकी पाव गाड्यांना होता आणि पुढचे डिस्क ब्रेकही पाव गाड्यांना. गुणाकार केला की तिन्ही एकत्र असलेल्या गाड्या येतात जेमतेम १,२६६. खरं उत्तर? सुमारे २०,०००. कारण झेड/२८ घ्यायची तर तो गिअरबॉक्स आणि ते ब्रेक घेणं बंधनकारकच होतं. उलटही होतं. याच गुणाकाराने एसी असलेल्या कितीतरी झेड/२८ कागदावर जन्माला येतात. कारखान्यात एकही बनली नाही, कारण झेड/२८ला एसी मिळतच नव्हता.

बेरजांवरून जोड्या परत मिळत नाहीत. तक्त्याच्या कडेच्या बेरजा ठेवून आतले चौकोन पुसले, तर ते चौकोन कितीतरी प्रकारांनी भरता येतात. १९७०च्या शेव्हेलचं ४५० हॉर्सपॉवरचं एलएस-६ इंजिन ४,४७५ गाड्यांत बसलं, हा आकडा प्रसिद्ध आहे. पण त्यात एल कमिनोसुद्धा धरलेली आहे. कूपे किती, कन्व्हर्टिबल किती, याची कारखान्याची फोड नाही. तरीही ‘या रंगाची, या छपराची एलएस-६, इतक्यांपैकी एक’ असं लिहिणारे मिळतातच. प्रामाणिक माणूस तिथे कमाल आणि किमान सांगेल: जास्तीत जास्त लहान बेरजेइतक्या, कमीत कमी कदाचित शून्य. पण अशा वाक्यावर बोली चढत नाही.

प्रत्येक कंपनीची गोष्ट सारखी नाही, आणि दावे करणारे हाच फरक सोयीने विसरतात. फोर्डच्या १९६७पासूनच्या गाड्यांची एकेक नोंद शाबूत आहे. मार्टी रिपोर्ट तिच्यावरच निघतो. तिथे जोड्या मोजता येतात, गुणाकाराची गरज नाही. पाँटिअॅकच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या पावत्यांच्या प्रती मिळतात. शेवरलेच्या अमेरिकेत विकलेल्या गाड्यांच्या अशा नोंदी राहिलेल्या नाहीत. कॅनडात विकलेल्यांच्या आहेत. म्हणजे एकच वाक्य फोर्डबद्दल मोजणी असतं आणि शेवरलेबद्दल अंदाज. छापताना दोन्हीचा टाइप मात्र सारखाच.

खरी दुर्मीळता कशी दिसते? १९६९ची झेडएल-१ कॅमॅरो: ६९ गाड्या, पूर्ण अॅल्युमिनियमचं इंजिन, आणि त्या एका ऑप्शनचीच किंमत ४,००० डॉलरच्या वर. १९७१ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल: ११. त्यातली एक २०१४मध्ये सिअॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. इथे चाळणी एक-दोन शब्दांची आहे, ती गाडी बघून मग शोधलेली नाही, आणि तिच्यामुळे गाडीच वेगळी होते. झेडएल-१ दुर्मीळ झाली कारण तेव्हा ती परवडत नव्हती. डीलरकडे पडून राहिल्या, काही परत गेल्या. घड्याळ नसलेली गाडी मात्र कोणाला घड्याळ नको होतं म्हणून तशी असते. तिचं दुर्मीळ असणं म्हणजे नावडतं असणं.

‘हौसेला मोल नाही, तुमचं काय जातं?’ असं विचारलं जातं. पहिलं म्हणजे मोल आहे, आणि ते डॉलरमध्ये मोजलं जातं. एका ऑप्शनच्या कोडने किंमत चढत असेल, तर तो कोड असलेली नवी पट्टी ठोकून जुनी गाडी ‘घडवणारे’ हात तयार होतात. साध्या गाडीची नामांकित गाडी करणं हा तिथला जुना उद्योग आहे. दुसरं अधिक गंभीर आहे. १९६४मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका वृद्धेची पर्स हिसकावली गेली. आरोपी जोडप्याविरुद्ध सरकारी वकिलाने ज्युरीपुढे गुणाकार मांडला: अंशतः पिवळी गाडी, दहात एक, मिशीवाला पुरुष, चारात एक, दाढीवाला कृष्णवर्णीय पुरुष, दहात एक, पोनीटेलवाली मुलगी, दहात एक, सोनेरी केस, तीनात एक, गाडीत बसलेलं आंतरवंशीय जोडपं, हजारात एक. उत्तर: १ कोटी २० लाखांत एक. दोघं दोषी ठरली. १९६८मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याची शिक्षा रद्द केली. आकड्यांना पुरावा नव्हता. दाढी आणि मिशी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. आणि एवढं जुळणारं जोडपं एकच असेल असंही त्यातून ठरत नाही. मसल कार रस्त्यावर आल्या त्याच वर्षांत हा गुणाकार माणसाला तुरुंगात टाकत होता. लिलावाच्या वर्णनात तो बोली चढवतो, पण हिशेब तोच आहे.

म्हणून गाडी विकणाऱ्याला, आणि खरं तर टक्केवाऱ्या गुणून काहीही पटवणाऱ्या कोणालाही, चार प्रश्न विचारावेत. हे मोजलं की गुणलं? मोजलं असेल तर कोणाच्या नोंदीतून? चाळण्या गाडी बघण्याआधी ठरल्या की नंतर? आणि यातली कुठली चाळणी काढली तर गाडीत खरोखर फरक पडेल? उत्तरं देता आली तर आकडा छापावा. नाही तर ‘हिरवी आहे, छान आहे, रेडिओ नाही’ एवढं लिहावं. हिरव्या शेव्हेलला तेवढी ओळख पुरते.